लग्नाच्या अल्बममधून आपली माणसं कोण कापतंय?



आपल्या समाजातल्या लग्नांवर चळवळीत चर्चा होते ती दोनच मुद्द्यांवर. खर्च किती केला, आणि विधी धम्माप्रमाणे झाला का. दोन्ही प्रश्न बरोबरच आहेत. पण लग्न उरकल्यावर घरात शिल्लक काय राहतं? कर्जाचा हप्ता राहतो आणि अल्बम राहतो. हप्ता कधीतरी फिटतो. अल्बम पन्नास वर्षं कपाटात राहतो, पाहुणा आला की बाहेर निघतो, नातवंडं त्यात आजी शोधतात. त्या अल्बमबद्दल मात्र आपल्यात कोणी बोलत नाही.

मी औंध, पुसेसावळी, वडूज या पट्ट्यात लग्नांचे फोटो काढतो. एप्रिल-मे म्हणजे आमची सुगी. त्या अनुभवावरून माझं स्पष्ट मत झालंय की आपण विधी बदलला, पण कॅमेऱ्याची नजर बदलली नाही. मांडवात बुद्धवंदना चालू असते आणि अल्बममध्ये पेशवाई छापून येते.

हे कसं होतं बघा. लग्नाच्या फोटोग्राफरच्या डोक्यात एक यादी पक्की बसलेली असते. हळद, गणेशपूजन, मामानं नवरीला आणणं, अंतरपाट, मंगलाष्टका, कन्यादान, सप्तपदी, पाठवणी. ही यादी त्याला कोणी शिकवत नाही. उस्तादाच्या मागं लाईट धरून चार हंगाम फिरला की ती अंगात मुरते. त्या यादीत ज्या गोष्टीला जागा, तिच्यावर कॅमेरा. असा माणूस बौद्ध लग्नात आला की गोंधळतो. त्रिशरण-पंचशील चालू असताना तो मोबाईल चाळत बसतो, कारण त्याच्या लेखी ‘मेन’ अजून सुरूच झालेलं नसतं. हार घालायची वेळ आली की मात्र टेबलावर चढतो. पुढं हे फोटो लॅबला जातात. तिथं अल्बमची पानं आधीच तयार असतात, पहिल्या पानावर गणपती, दुसऱ्यावर सनई-चौघडा, कोपऱ्यात संस्कृत श्लोक. त्या चौकटीत आपल्या पोरापोरींचे चेहरे नुसते चिकटवायचे. सांगितल्याशिवाय कोणी ते बदलत नाही, आणि सांगायचं असतं हेच आपल्याला ठाऊक नसतं.

मग आपल्या लग्नातलं ‘मेन’ काय? ४ डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दोन दिवस आधी, बाबासाहेबांनी व्ही. एस. कर्डक यांना लिहिलेल्या पत्रात ते अगदी मोजक्या ओळींत सांगून ठेवलंय. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये स्टुलावर मातीचं नवं मडकं, काठोकाठ पाण्यानं भरलेलं. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं. सुताचा धागा मडक्यातल्या पाण्यात सोडायचा आणि त्याचं एकेक टोक दोघांनी हातात धरायचं. कोणीतरी मंगलसुत्त म्हणायचं. कपडे पांढरे. बस्स. आता आपापल्या घरातला अल्बम काढा आणि त्यात मडकं आणि धागा शोधा. मी ज्या घरी जातो तिथं हे करून बघतो. हाराचे वीस फोटो सापडतात, केक कापतानाचे दहा सापडतात. धाग्याचा एकही सापडला नाही अशी घरं कितीतरी आहेत.

हा निव्वळ भावनेचा प्रश्न नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपल्याला, म्हणजे बौद्धांनाही, लागू होतो. त्याच्या कलम ७ प्रमाणे दोघांपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनी विवाह व्हावा लागतो. नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र आहे पण विधीच झाले नाहीत, तर या कायद्याखाली तो विवाह ग्राह्य धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ साली सांगितलं. उद्या पोटगीचा, वारसाचा वाद उभा राहिला तर आपल्या पोरीच्या हातात विधीचा पुरावा म्हणून काय असणार? केक?

आता एका लग्नाबद्दल सांगतो, कारण नीट करायचं ठरवलं तर काय होऊ शकतं ते तिथं दिसलं. गेल्या उन्हाळ्यातलं, औंधजवळच्या एका गावातल्या बौद्धवस्तीतलं. गावाचं, घराचं नाव देत नाही. मुलगी नर्सिंग केलेली. ॲडव्हान्स घ्यायला गेलो तेव्हा तिनं वहीचं पान फाडून माझ्या हातात दिलं. मला वाटलं कार्यक्रमाचा क्रम असेल. तर एक्केचाळीस माणसांची यादी होती, आणि प्रत्येकापुढं एकेक ओळ. थोरली आत्या: पुढं येणार नाही, शोधावी लागेल. आजोबा: डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजवीकडून बोला. हलगीवाले काका: वाजवताना नको, जेवताना घ्या, तेव्हा हसतात. शाळेतल्या बाई: चारच्या एसटीनं जाणार. सगळ्यात शेवटी आई, आणि तिच्यापुढं फक्त ‘सगळीकडं’.

मुलीचे वडील वारलेले. धाग्याचं टोक मुलीच्या हातात दिलं ते आईनं. मदतीला घेतलेला दुसऱ्या कॅमेऱ्यावरचा पोरगा त्या माऊलीला म्हणाला, “मावशी, जरा बाजूला सरा, मधी येताय.” पोरगा वाईट नव्हता. पण कपाळ मोकळं असलेली बाई लग्नात मध्यभागी उभी असूच शकत नाही, ही नजर त्याला आजवरच्या शेकडो लग्नांनी दिलेली. आई खरोखरच सरकायला लागली. तेवढ्यात नवरीच म्हणाली, “दादा, तिचाच काढायला सांगितलाय तुम्हाला.” त्या मांडवात भाड्याचं लाल मखमली सिंहासन नव्हतं. सतरंज्या होत्या, आणि दोन्हीकडची म्हातारी माणसं पुढं बसलेली. आहेराची रांग नाही, त्यामुळे एकेका पाहुण्यानं येऊन नवरा-नवरीशेजारी दगडासारखं उभं राहून जायचं, हा दोन तासांचा छळही नाही.

थोरली आत्या मांडवामागं चुलीपाशी सापडली. भाताच्या डेगीवरचं झाकण काढत होती. म्हणाली, “माझा काय फोटू काढतूस लेकरा, नवरीचा काढ की.” अर्धं आयुष्य उसाच्या फडावर गेलेली बाई. तिचे आजवर दोनच फोटो निघालेले, एक रेशनकार्डासाठी आणि एक आधारकार्डासाठी. दोन्ही सरकारला हवे होते म्हणून. तिला खुर्चीवर बसवलं आणि नवरा-नवरी तिच्यामागं उभे राहिले. नेहमीचा क्रम उलटा. त्या घरात आज तोच फोटो सगळ्यात मोठा करून लावलाय. कुटुंबाचं लग्न म्हणतात ते हे. बाकी ‘फॅमिली वेडिंग’ असं छापून तीन ड्रोन उडवणारी पॅकेजं मलाही विकता येतात.

थोडं तंत्राचं बोलतो, कारण जात आणि रंगाचं राजकारण तंत्रातही असतं. पांढरे कपडे, वर मे महिन्याचं ऊन. कॅमेऱ्याचा मीटर पांढरं जास्त दिसलं की फसतो, त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि तो फोटो काळवंडतो. कपडे बरे येतात, सावळे चेहरे काळोखात जातात. उपाय साधा आहे, मोजमाप चेहऱ्यावर घ्यायचं, कपड्यावर नाही. पण घाईतला फोटोग्राफर तसं करत नाही, आणि नंतर लॅबवाला सगळ्यांना एकदम गोरं करून टाकतो. मुलीच्या अंगावरून तिच्या आजीचा रंग पुसला जातो. हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत कोडॅक कंपनी रंगांचं माप लावण्यासाठी छापखान्यांना जी कार्डं पाठवायची, त्यांवर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचा चेहरा असायचा. त्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्या चेहऱ्याला जे माप बसेल ते बरोबर, बाकीच्या कातड्या बिघडलेल्या. आपली माणसंही येऊन सांगतात, “जरा उजळ करा.” मी करत नाही. गिऱ्हाईक जातं कधीकधी. जाऊ दे.

औंध तसं चित्रांचं गाव. यमाईच्या डोंगरावर १९३८ चं श्री भवानी संग्रहालय आहे, राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. लोक लांबून बघायला येतात, यावंच. (याच संस्थानानं १९३९ साली ग्रामस्वराज्याची घटना दिली, तिचं कौतुकही खूप होतं. खेड्याबद्दल बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत काय बोलले, ते इथल्या वाचकाला सांगायला नको.) पण आपल्या पणजा-पणजीचं लग्न शोधायला त्या डोंगरावर कोणी जाणार नाही. राजाकडं चित्रकार होते, वाड्याकडं फोटोग्राफर होते. वेशीबाहेरच्या वस्तीकडं काय होतं?

आणि याच खटाव तालुक्यात, गोरेगावला, १९०१ साली रामजीबाबा नोकरीला होते. त्यांना भेटायला निघालेला लहानगा भीमराव आणि भावंडं मसूरच्या स्टेशनावर उतरली ती नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट घालून. स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची पोरं वाटली. जात कळली आणि त्याचा चेहराच बदलला. दुप्पट भाडं देऊनही गाडी पोरांनाच हाकावी लागली, गाडीवान विटाळ नको म्हणून पायी चालला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. आपलं नीटनेटकं दिसणं या व्यवस्थेला कायम खुपलं. म्हणून तर डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारा पेहराव आणि दागिने टाकून द्यायला सांगितलं.

हे आजही संपलेलं नाही. २०१५ साली शिर्डीत, लग्नासाठी आलेल्या आपल्या एका तरुणाला मोबाईलच्या रिंगटोनवरून मारून टाकलं. १ जून २०२३ ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत वरातीच्या वेळी तरुणाचा खून झाला, गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग हे त्यामागचं कारण असल्याचं फिर्यादीत आलं. लग्न, वरात, मिरवणूक म्हणजे कोणी दिसायचं आणि कोणी दिसायचं नाही, याचीच लढाई आहे.

काळ्या अमेरिकनांनी हे फार आधी ओळखलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी निग्रो समाजाचे ३६३ फोटो अल्बम बांधून मांडले. घरं, दुकानं, शिकलेल्या मुली, सुटाबुटातले बाप. गोऱ्यांनी रंगवलेल्या विदूषकी चित्रांना दिलेलं ते उत्तर होतं. १९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहून निग्रोंच्या युनोकडच्या अर्जाची प्रत मागितली, ते हेच ड्यू बॉईस.

चळवळीतले जुने कार्यकर्ते मला म्हणतात, “फोटोवर पैसा घालणं म्हणजे चैन. नोंदणी करा, मोकळे व्हा.” अर्धं मान्य. प्री-वेडिंग, ड्रोन, एलईडी भिंत, नवरा-नवरीवर चित्रपटाचं गाणं, हे सगळं बंद करा. माझा धंदा कमी होईल, तरी करा. व्याजानं पैसे काढून हे करणाऱ्या बापांना मी बघतो, त्यांच्याकडून उरलेले पैसे मागायला जीभ रेटत नाही. पण साधं लग्न म्हणजे फोटोच नको, हे मला पटत नाही. बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत नोंदणी पद्धतीनंच लग्न केलं, तरी त्या दिवसाचा फोटो आज आपल्याला बघायला मिळतो. आणि राजगृहातला १९३४ चा फोटो आठवा. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, भावजय लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंदराव, शिवाय टॉबी कुत्रा. तोवर लक्ष्मीबाईंचे यजमान हयात नव्हते. त्यांना कोणी बाजूला सरा म्हटलं नाही. पुढच्याच वर्षी २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. तो फोटो कोणी चैन म्हणून टाळला असता तर?

तेव्हा लग्न ठरलं की पत्रिकेआधी माणसांची यादी करा. नवरीनं आणि नवऱ्यानं बसून करावी, थोरल्यांना विचारून, कारण कोणती आत्या कोणावर रुसलीय हे त्यांनाच ठाऊक असतं. फोटोग्राफर कोणत्याही जातीचा असो, त्याला आदल्या दिवशी मडकं, धागा, मंगलसुत्त, प्रतिज्ञा यांचा क्रम कागदावर द्या आणि बौद्धाचार्यांना सांगा की धागा धरल्यावर मिनिटभर थांबा. अल्बमची पानं छापायच्या आधी मागून बघा. शेवटच्या पानावर प्रत्येकाचं नाव, नातं, गाव लिहा. वीस वर्षांनी चेहरा दिसतो, नाव सांगणारं कोणी उरत नाही. यादीतल्या प्रत्येकाला त्याच्या फोटोची एक छोटी प्रत द्या, सगळ्या मिळून खर्च एका ड्रोनच्या भाड्याहून कमी येतो.

अशा लग्नांसाठी अल्बमची पानं मी आणि दोन मित्र मिळून तयार करतोय, अशोकचक्र, पिंपळपान, आणि बाकी जागा माणसांना. या भागातल्या आपल्या फोटोग्राफर पोरांनी ती फुकट घ्यावीत. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधी वडूजला एकदा बसू. दिवस ठरला की कळवतो. येताना घरातला जुना अल्बम घेऊन या.