मोजायला पैसे आहेत, बोलायला नाहीत

आजारांचा धोका तपासणारा ‘सीबॅक’ फॉर्म घेऊन आशाताई दारात आली की पहिली पंचाईत टेपची होते. कंबर मोजायची असते. बायकांची ८० सेंटिमीटर, पुरुषांची ९० सेंटिमीटरपर्यंत ठीक. सासूसमोर सून पोट आत ओढून उभी राहते आणि सासरे शेताकडे सटकतात. मग वय, तंबाखू, दारू, घरात कुणाला ‘साखर’ आहे का, हे प्रश्न. बेरीज चारच्या वर गेली की उपकेंद्रात तपासणीला बोलावणं. एका फॉर्मचे आशाताईला १० रुपये.

तपासणीत मधुमेह निघाला तर पुढची वाट आखलेली आहे. गोळ्या, नोंद आणि सहा महिन्यांच्या पाठपुराव्याचे ५० रुपये. पण ज्याची साखर अजून उंबरठ्यावर आहे, त्याचं काय? ‘गोड कमी करा’ म्हणून त्याला घरी पाठवतात. प्रोत्साहन भत्त्याच्या यादीत त्याच्यासाठी रकाना मला तरी दिसला नाही. आणि हेच लोक रुग्णांपेक्षा जास्त आहेत. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेही १०.१ कोटी, तर उंबरठ्यावरचे १३.६ कोटी. शेजारच्या गोव्यात तर मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वांत जास्त.

या लोकांशी कुणी नीट बसून बोलायला हवं. बोलून साखर उतरते का, असं कुणी विचारेल. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर प्रयोग केला. निष्कर्ष २००६ साली आले. ज्यांना नेहमीचाच जुजबी सल्ला मिळाला, त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्याशी खाण्याचालण्याबद्दल पुन्हा पुन्हा बोललं गेलं, त्यांच्यात तो आकडा ३९ वर थांबला. मेटफॉर्मिनची गोळी दिलेल्यांचा आकडाही जवळपास तेवढाच. म्हणजे बोलणं गोळीइतकंच लागू पडलं!

पण ते बोलणं वेळ खातं. आपल्याकडे चहातली साखर सोडणारा माणूस ताटातला भाताचा डोंगर तसाच ठेवतो आणि एकादशीला दोन वेळा साबुदाणा खातो. शिवाय ‘मी तर काटकुळा, मला कशाची साखर?’ हा समज. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय की आपली माणसं दिसायला बारीक असली तरी त्यांच्या अंगात चरबी जास्त असते. हे दहा रुपयांच्या फॉर्मवर समजावून होत नाही. १४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनाच्या रॅलीत आणि फ्लेक्सवर तर नाहीच, फोटो मात्र छान येतो.

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे. गावच्या आराखड्यात गटार आणि पेव्हर ब्लॉकच्या खाली एक ओळ घालायला लावा: उंबरठ्यावरच्या लोकांसाठी महिन्याला दोन बैठका आणि आशाताईला प्रत्येक बैठकीचा मोबदला. ठराव लिहून घेतल्याशिवाय उठू नका.