तीच नव्हे, तसलीच!

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

‘गेली ना ती? मग तसलीच दुसरी आणू,’ हे वाक्य मी घरी लहानपणापासून ऐकत आले आहे. कपबशी फुटली, चप्पल तुटली, मिक्सरचे भांडे गेले, की तसलेच दुसरे येते आणि कुणाचे काही अडत नाही. वस्तूंशी आमचे नाते असे सुटसुटीत आहे. परंतु एखादी वस्तू अशी असते की, तिच्या बाबतीत ‘तीच’ आणि ‘तसलीच’ यांत केसाएवढेच अंतर असते आणि तेवढ्या अंतराने माणसाचे मोठे नुकसान होऊ शकते. माझ्या बाबतीत ही वस्तू म्हणजे डोळ्यांत घालायची कॉन्टॅक्ट लेन्स.

हा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. लेन्स म्हणजे शहरातल्या मुलींचा नखरा, असे पूर्वी मलाही वाटत असे. माझ्या चष्म्याचा नंबर उजव्या डोळ्याला वजा साडेसहा आणि डाव्याला वजा सात. चष्मा काढला की समोरच्या बाकावरची मैत्रीण ओळखू येत नाही. आणि मी आपल्या महाविद्यालयाच्या खो-खो संघात खेळते! चष्मा घालून खांबापाशी सूर मारता येत नाही, आणि चष्म्याविना मारला तर हाती फक्त हवा लागते. बारावीत असताना मिरजेच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात रीतसर तपासणी होऊन मला वर्षभर चालणारी मऊ लेन्स मिळाली. पहिल्यांदा ती घालून मैदानावर उतरले तेव्हा पलीकडच्या खांबाजवळची मुलगी कुणीकडे वळते आहे ते मला दिसले. नखऱ्याचा आणि या आनंदाचा काही संबंध नव्हता.

यंदाच्या पावसाळ्यात दुसरी जोडी संपत आली म्हणून मी तालुक्याच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाले, ‘ताई, ती लेन्स कंपनीनं बंद केली. आता ही घ्या. सेमच आहे. नंबर तेवढा सांगा.’ जुन्या लेन्सच्या बाटलीवर सगळे आकडे छापलेले होते; पण ती बाटली मी केव्हाच टाकून दिली होती. मी चष्म्याचा कागद पुढे केला. त्यावरून त्यांनी जोडी काढून दिली. ‘सेम’ म्हणजे नक्की काय, हे मी विचारले नाही.

का विचारले नाही? याचे उत्तर द्यायला मला थोडे धैर्य लागते आहे. आमच्या घरातली महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. प्रवेशाच्या खिडकीपाशी, बँकेत, दवाखान्यात कुणी ‘कळलं ना?’ म्हटले की आपोआप ‘हो’ म्हणायची मला सवय लागली आहे. ‘नाही कळलं’ म्हटले तर समोरचा आपल्याला अडाणी समजेल ही भीती! शिकायला आले आणि पहिली गोष्ट काय शिकले, तर न कळलेले लपवायला. माझ्यासारखे आणखी कितीजण या वर्गांत बसलेले आहेत हे त्यांचे त्यांना ठाऊक. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

घरी आल्यावर अण्णांना सांगितले. अण्णा शेतीपंपांच्या मोटारी दुरुस्त करतात. ते म्हणाले, ‘नंबर सांगितलास न्हवं? मग बसाया पायजे की!’ त्यांचे म्हणणे त्यांच्या धंद्यात सोळा आणे खरे आहे. ६२०३ नंबरचे बेअरिंग कुठल्याही कारखान्यात बनवलेले असो, त्याचे आतले भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४० आणि जाडी १२ मिलिमीटर असतेच. एक कंपनी बंद पडली तर दुसरीचे बेअरिंग आणावे आणि ठोकून बसवावे. नंबर जुळला की विषय संपला.

लेन्सच्या बाबतीत मात्र विषय तिथे सुरू होतो. पहिले चार-पाच दिवस नवी लेन्स जुनीपेक्षाही आरामाची वाटली. मग सराव संपता संपता डोळे लाल होऊ लागले, डोके दुखू लागले. एके संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसू लागली. विभागीय सामने आठ दिवसांवर आले होते, म्हणून मी कुणाला बोलले नाही. शेवटी आईनेच माझे डोळे पाहिले आणि दुसऱ्या दिवशी रोजगार बुडवून मला मिरजेला नेले.

तिथल्या ऑप्टोमेट्रिस्ट मॅडमनी मला स्लिट लॅम्पवर हनुवटी टेकवायला सांगून बराच वेळ पाहिले. मग दुकानातून आणलेले वेष्टन हातात घेऊन त्यांनी मला जे समजावले, ते पहिल्यांदाच मी ‘हो’ न म्हणता, पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतले.

पहिली चूक नंबराचीच होती. चष्म्याची काच डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर दूर असते. लेन्स डोळ्यावरच बसते. चार नंबरच्या पुढे हे अंतर हिशेबात धरावे लागते. त्यामुळे वजा साडेसहाच्या चष्म्याला लेन्स लागते साधारण वजा सहाची, आणि वजा सातला वजा साडेसहाची. मला चष्म्याचाच नंबर जसाच्या तसा दिला गेला होता. डोकेदुखीचे मूळ ते.

दुसरी चूक नंबरापेक्षा गंभीर होती. लेन्सच्या वेष्टनावर ‘बी.सी.’ म्हणून एक आकडा असतो. बी.सी. म्हणजे बेस कर्व्ह, लेन्सच्या आतल्या बाजूच्या वक्रतेचे माप. शेजारीच व्यास दिलेला असतो. माझ्या जुन्या लेन्सचा बेस कर्व्ह ८.७ आणि व्यास १४.० होता, हे दवाखान्यातल्या नोंदीवरून कळले. नव्या लेन्सचे आकडे होते ८.४ आणि १४.२. बेस कर्व्हचा आकडा जितका लहान तितकी लेन्स अधिक खोलगट. त्यात व्यास मोठा झाला, म्हणजे पकड आणखी घट्ट. चांगली बसलेली लेन्स पापणी मिटली की किंचित हलते आणि तिच्याखालचे अश्रू बदलत राहतात. माझी हलतच नव्हती. न हलणारी लेन्स सुरुवातीला टोचत नाही, म्हणून तर ती आरामाची वाटली! बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, रक्तवाहिन्या नसतात; तो प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून घेतो. त्याचाच श्वास मी कोंडला होता. तो सुजल्यामुळे दिव्यांभोवती कडी दिसत होती.

लेन्स दोन आठवडे बंद. विभागीय सामन्यात मी चष्मा लावून संघाच्या बाकावर बसले. आम्ही हरलो. मी खेळले असते तर जिंकलो असतो असे म्हणण्याइतकी मी मोठी खेळाडू नाही. पण बसून पाहावे लागले, ते अजून विसरले नाही.

डोळे बरे झाल्यावर नवी लेन्स निवडायला पुन्हा मिरजेला गेले. मॅडमनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लेन्स आळीपाळीने घालून पाहिल्या. प्रत्येक वेळी वीस मिनिटे बसायला लावून मग तपासले. दोहोंवरही बेस कर्व्ह ८.६ असाच छापलेला होता. तरी एक व्यवस्थित बसली आणि दुसरी पापणीसरशी घसरू लागली. असे का, तर एकीचा पदार्थ ताठ, दुसरीचा मऊ. कडांची घडणही निराळी. म्हणजे आकडे जुळवणे ही निवडीची सुरुवात आहे, शेवट नव्हे. हे घरी सांगितले तेव्हा अण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘बरोबर हाय. डोळा काय लेथवर कातलेला नसतोय.’

आता कुणी म्हणेल, मग कंपनीने चांगली चाललेली वस्तू बंदच का करावी? मलाही प्रथम राग आला होता. परंतु या वस्तूचा इतिहासच मुळी बदलांचा आहे. १८८८ साली आडोल्फ फिक यांनी काचेच्या जड लेन्सची माहिती प्रसिद्ध केली. १९६१ च्या नाताळात ओटो विख्टर्ले या शास्त्रज्ञाने प्राग येथे राहत्या घरी, मुलांच्या ‘मेर्कूर’ नावाच्या जोडणीच्या खेळण्यातून यंत्र उभे करून आणि त्याला सायकलचा डायनामो लावून मऊ लेन्स तयार केल्या. १९७१ मध्ये अमेरिकेत मऊ लेन्सला सरकारी मान्यता मिळाली. १९९९ मध्ये सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स बाजारात आल्या. त्यांतून पूर्वीच्या पदार्थांपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू डोळ्याला मिळतो. माझी आताची लेन्स याच जातीची आहे आणि ती जुनीपेक्षा बरी आहे, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. माझी तक्रार बदलाबद्दल नाही. बदल झाला हे झाकून ‘सेमच आहे’ म्हणण्याबद्दल आहे.

दुकानदाराचीही एक बाजू आहे. तपासणीला दवाखान्यात जा म्हटले तर निम्मी गिऱ्हाइके परत येत नाहीत. तपासणीची फी, एस.टी.चे भाडे, बुडालेला रोजगार हे सगळे आमच्यासारख्यांना जड जाते, हे खरेच. शिवाय आता मोबाइलवर नंबर टाकला की लेन्स घरपोच येते. तिथे तर विचारणारेही कुणी नसते. पण मी हिशेब मांडून पाहिला. वाया गेलेली जोडी, औषधे, मिरजेच्या खेपा, आईचे बुडालेले दिवस हे सर्व मिळून सुरुवातीच्याच एका तपासणीच्या खर्चाहून पुष्कळ अधिक झाले. तेव्हा गरिबाला तपासणी परवडत नाही, हे अर्धेच सत्य आहे. गरिबाला चूक त्याहून परवडत नाही.

नव्या लेन्सचा खर्चही मी याच पद्धतीने आधी मांडला. ती महिन्याने बदलायची. एका डबीत सहा लेन्स. माझ्या दोन डोळ्यांचे नंबर वेगळे, म्हणून सहा महिन्यांना दोन डब्या आणि वर्षाला चार. महिना मोजायचा तो डबीतली लेन्स उघडल्या दिवसापासून. दहाच दिवस वापरली म्हणून ती तीन महिने चालत नाही. जी फक्त सामन्यापुरतीच लेन्स घालते, तिला रोज टाकून द्यायची लेन्स स्वस्त पडू शकेल. मला आठवड्यातून पाच दिवस सराव असतो, म्हणून महिन्याची बरी. खर्च पूर्वीपेक्षा जवळजवळ दुप्पट आहे. ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयात काम करून मी तो भागवते.

माझे मत थोडक्यात असे. कंपनीने एखादी लेन्स बंद करण्यापूर्वी विक्रेत्यांना वेळेवर कळवावे, आणि विक्रेत्याने ते गिऱ्हाइकाला सांगून तपासणीशिवाय दुसरी लेन्स हातात देऊ नये. पण ते दोघे सुधारेपर्यंत आपण थांबायचे का? आपल्यालाही काही करता येईल. लेन्सचे वेष्टन टाकण्यापूर्वी त्यावरचे नाव, पॉवर, बेस कर्व्ह, व्यास लिहून ठेवा. नवी लेन्स मिळाली की जुनीच्या शेजारी हे आकडे मांडा. तिच्याबरोबर कोणते द्रावण चालते तेही विचारा. आणि द्रावण संपले म्हणून वसतिगृहातल्या नळाचे पाणी कधीही वापरू नका, त्यातल्या सूक्ष्म जीवांनी डोळा कायमचा जाऊ शकतो. डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधूक दिसू लागले, तर सामना असो की परीक्षा, लेन्स काढा आणि डॉक्टरांकडे जा. आणि ‘सेमच आहे’ असे कुणी म्हटले, तर न लाजता विचारा, ‘कशात सेम?’

खो-खोत ‘खो’ मिळालेली खेळाडू उठते आणि देणारी तिच्या जागी बसते. जागा तीच राहते. पण दोघींची धाव एक नसते, हे आमच्या सरांना नीट ठाऊक असते. म्हणूनच कोणाला कुठे बसवायचे याचा ते सामन्यापूर्वी तासभर विचार करतात. डोळ्यासाठी वीस मिनिटे फार नाहीत.

अण्णांची एक जुनी वही आहे. कुणाच्या मोटारीला कोणते बेअरिंग, किती गेजची तार, हे सारे त्यात गिऱ्हाइकाच्या नावासह लिहिलेले असते. मागच्या महिन्यात त्यांनी माझ्याकडून लेन्सची डबी मागून घेतली, चष्मा नाकावर ओढला आणि एक नवे पान उघडले. वर माझे नाव आहे. खाली उजवा, डावा असे दोन रकाने आहेत. तिसरा रकाना त्यांनी मला विचारून आखला. त्यात लिहिले आहे: ‘घालून बघितली का?’