बेडसोअरवर विजेच्या सुया? आधी चाचणी हवी

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर, टाचेवर सतत दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि जखम होते. हाच बेडसोअर.

इलेक्ट्रोॲक्युपंक्चरमध्ये सुया टोचून त्यांतून सौम्य वीजप्रवाह सोडतात. 2020च्या कोक्रेन आढाव्यानुसार वीजप्रवाहाने बेडसोअर भरण्याची शक्यता वाढते. पण तो पुरावा प्रामुख्याने त्वचेवरच्या इलेक्ट्रोडचा आहे, सुयांचा नाही.

म्हणून चाचणी हवी, तीही गावात. कारण अनेक रुग्ण घरीच असतात. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेचे ग्रामीण प्रशिक्षण केंद्र आंजी (मोठी) येथे आहेच. कूस बदलणे, ड्रेसिंग, आहार दोन्ही गटांना सारखा. सुया एकाच गटाला. तरच गुण सुयांचा की सेवेचा, हे कळेल.

तोवर पैसे मोजण्याआधी पुरावा विचारा. आणि दर दोन तासांनी कूस बदलाच.