कुत्रा आहे की कुत्री?

पिलू दिसले की प्रत्येकजण आधी 'किती गोड!' म्हणतो आणि मग त्याची शेपटी उचलून बघतो. गेल्या तीन महिन्यांत हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे, की आता कोणी 'गोड' म्हणाले की मला धास्तीच वाटते. वार्षिकांकासाठी कुत्र्याच्या पिलांवर लिहिते आहे म्हटल्यावर वर्गातल्या मैत्रिणी हसल्या. त्यांनी स्त्रीमुक्तीवर लिहायला सुचवले. तो विषय मोठा आहे. मी माझ्या अंगणातले लिहिते.

भाद्रपदात गावभर कुत्र्यांची झुंड फिरते. पोरे दगड मारतात, मोठी माणसे हसतात. तिथून दोन महिने मोजले की कार्तिक येतो. दिवाळीच्या सुट्टीत, कार्तिकी एकादशीच्या पहाटे, आमच्या कडब्याच्या गंजीआड आळीतली काळी कुत्री व्याली. सहा पिले. दोन कुत्रे, चार कुत्र्या. काळी कुणाचीच नव्हती, म्हणजे सगळ्या आळीची होती. आजी तिला भाकरी टाकायची एवढेच.

नवव्या दिवशी संध्याकाळी ती हमरस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरखाली सापडली. पिलांचे डोळेसुद्धा उघडले नव्हते. रात्रभर ती ओरडत होती. सकाळी मी त्यांना डालग्यात घालून पडवीत आणले. आई म्हणाली, "कॉलेजात ह्येच शिकवत्यात का गं?"

खरे म्हणजे कॉलेजात हे कोणी शिकवत नाही, आणि मला काहीच येत नव्हते, याची किंमत एका पिलाने मोजली. तान्ह्या मुलाला पाजतात तसे मी पहिल्या रात्री एका पिलाला मांडीवर उताणे घेतले आणि वाटी-चमच्याने दूध घातले. त्याच्या नाकातून दूध बाहेर आले. मला वाटले, जास्त झाले असेल. दूध छातीत उतरले होते. तिसऱ्या दिवशी ते पिलू गेले. कपाळावर पांढरा ठिपका असलेली ती मादी होती. कुत्रीचे पिलू पोटावर पालथे पडून, मान किंचित वर करून पिते, हे काळीच्या अंगाला ती लुचत असताना मी नऊ दिवस डोळ्यांनी पाहिले होते. पाहिले होते, पण लक्षात घेतले नव्हते.

दुसरी चूक पाण्याची. बाळाला द्यायचे म्हणून आम्ही दुधात निम्मे पाणी घालत होतो. पिलांची पोटे टम्म दिसायची, तरी ती सारखी कुंईकुंई करायची आणि जुलाब व्हायचे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "कुत्रीचं दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी घट्ट असतं, त्यात स्निग्धांश जास्त, साखर कमी. आणि तुम्ही त्यात पाणी ओतताय!" त्यांनी म्हशीचे निर्भेळ दूध, त्यात अंड्याचा पिवळा बलक, असे सांगितले. सुई काढलेल्या सिरिंजने, कोमट, दर तीन तासांनी. रात्रीसुद्धा.

पिलू गार पडले असेल तर त्याला आधी ऊब द्यायची, मग दूध. गार पोटात दूध पचत नाही. पहिले दोन आठवडे पिलाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही, म्हणूनच ती एकमेकांवर ढीग करून झोपतात. आम्ही दिवा टांगला होता, पण आमच्याकडे रात्री वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. मग काचेच्या बाटलीत गरम पाणी भरून, ती जुन्या गोधडीत गुंडाळून मध्ये ठेवायची. आणि सर्वांत महत्त्वाचे मला आजीने सांगितले. तिने आयुष्यात शाळेची पायरी पाहिलेली नाही. ती म्हणाली, "आई चाटती कशापायी? नुस्ती माया न्हवं ती. चाटल्याबिगर पिल्लाला मुतायलाबी येत न्हाई." आम्ही कोमट पाण्यात कापूस बुडवून प्रत्येक पाजण्यानंतर पिलांची पोटाखालची बाजू पुसू लागलो. डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितले.

रोज अर्धा लिटरहून जास्त दूध लागे. आमच्याकडे एकच म्हैस आहे आणि तिचे दूध डेअरीला जाते. दहा दिवसांच्या पगाराच्या पावतीत आकडा घसरलेला वडिलांनी पाहिला, पावती घडी करून खिशात ठेवली आणि ते काही बोलले नाहीत. त्यांनी रागावायला हवे होते, असे मला तेव्हा फार वाटले. मैत्रिणी मोबाईलवर फोटो काढायला आल्या होत्या. रात्री दोनच्या दुधाला कोणी आले नाही. ही तक्रार नाही. भूतदया हा शब्द आपण निबंधात फार सहज वापरतो, पण तिचा हिशेब रात्री दोन वाजता आणि डेअरीच्या पावतीत होतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

तेराव्या दिवशी पहिले डोळे उघडले, निळसर, धुरकट. पंधराव्या दिवशी जंताचे औषध. दुकानदाराच्या तराजूत आम्ही त्यांना तोलायचो, दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम चढले की आजी खूश. सुट्टी संपली, मी सातची एस. टी. धरू लागले आणि दिवसाची पाजणी आजीने घेतली. चौथ्या आठवड्यात दुधात कुस्करलेली भाकरी पिले तोंड माखून खाऊ लागली.

आणि मग माणसे येऊ लागली. "कुत्रा हाय का कुत्री?" पहिला प्रश्न हाच, दुसरा प्रश्नच नाही. दोन्ही कुत्रे पंचवीस दिवसांचे असतानाच गेले. आठ आठवडे तरी भावंडांत राहू द्या, असे मी सांगत होते, पण एकोणीस वर्षांच्या मुलीचे कोण ऐकतो! त्यातला एक आमच्या नात्यातच दिला होता. आठवड्यात हगवणीने मेला. त्यांनी त्याला कालवण-भाकरी घातली होती.

उरल्या तीन कुत्र्या. घ्यायला कोणी तयार नाही. "व्याली की पुन्हा तेच!" दत्तजयंतीच्या दिवशी सकाळी चुलत्यांनी पोते काढले. कालव्यापलीकडे सोडून येतो म्हणाले. आमच्या घरात दत्ताची तसबीर आहे, तिच्यात चार कुत्रे आहेत. ते चार वेद आहेत असे म्हणतात. त्यांना आम्ही रोज उदबत्ती ओवाळतो. चुलते वाईट माणूस नाहीत. गावात हे सगळेच करतात, आणि माझ्या लहानपणी पोत्याचे तोंड धरायला मीही गेले आहे.

माझे म्हणणे असे, की रस्त्यावर कुत्री का वाढली याचे उत्तर त्या पोत्यात आहे. कुत्रे घरोघरी दारात बांधले जातात आणि कुत्र्या वेशीबाहेर सोडल्या जातात. त्यातली जी जगते, ती वर्षभरात वयात येते आणि पुढच्या कार्तिकात कुणाच्या तरी गंजीआड व्यालेली सापडते. म्हणजे मादी नको म्हणून जे आपण टाकतो, तेच सहापट होऊन परत येते. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, हे गावात कुणाला ठाऊक नाही. केंद्र सरकारने २००१ चे नियम बदलून २०२३ साली नवे केले, त्यात भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे, ग्रामपंचायतसुद्धा त्यात आली. आमच्या गावात यातले काही झालेले मी पाहिले नाही. कुत्रे चावते, रेबीज झाला तर माणूस वाचत नाही, हे मी नाकारत नाही. ज्या आईच्या मुलाला कुत्रे चावले आहे, तिला भूतदया शिकवायची माझी हिंमत नाही. पण त्या आईचे भले पोत्याने होत नाही, मादीला घरात घेऊन तिची नसबंदी करण्याने होते.

आमच्या घरात मी तिसरी मुलगी. थोरल्या दोघींची शाळा दहावीला थांबली. माझ्या वेळी पेढे वाटले नव्हते असे आजी सांगते. या विषयी याहून अधिक लिहीत नाही.

मी पोते धरून उभी राहिले. वडील पहिल्यांदाच बोलले, "ऱ्हाऊ दे." त्या तिघींतली एक ऊसतोडीच्या तळावरल्या बाईने मागून नेली. ती म्हणाली, "राखणीला मादीच बरी, जागा सोडत न्हाई." दुसरी रस्त्यावरच्या ढाब्यावर आहे, जाता-येता एस. टी.तून दिसते. तिसरी आमच्याकडे. आजीने तिचे नाव 'कारभारीण' ठेवले आहे. परवा सायकलच्या कॅरिअरला पाटी बांधून मी तिला दवाखान्यात नेले आणि रेबीजची लस टोचून आणली. नसबंदी सहा महिन्यांनंतर करू, असे डॉक्टर म्हणाले. म्हणजे मे महिना, परीक्षा झाल्यावर. त्यासाठी जिल्ह्याच्या गावाला जावे लागेल. एस. टी.त कुत्री घेऊन बसू देतात का, ते एकदा कंडक्टरला विचारायचे आहे.