जुन्या घामाची पुण्याई

शहापूर-मुरबाडच्या कोणत्याही गावात संध्याकाळी पारावर बसलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाकडे रक्तदाबाचा विषय काढावा. उत्तर बहुधा ठरलेले असते. तरुणपणी कबड्डीची मैदाने गाजवली, नांगर धरला, गुडघाभर चिखलात आवणी केली, या शरीराला काय होणार? त्या घामाचा अभिमान रास्त आहे. प्रश्न इतकाच, की तो घाम शेवटचा कधी गळला?

गेल्या पाव शतकात या दोन तालुक्यांचे जगणे बदलले. बैलांच्या जागी पॉवर टिलर आला. आसनगाव, आटगाव, खर्डीचा चाकरमानी पहाटेची लोकल पकडून कल्याण-मुंबई गाठतो. जाता-येता तीन-चार तास प्रवासात आणि आठ तास खुर्चीत काढतो. मुरबाडला रेल्वे नाही, तेथे दारातच मोटारसायकल उभी असते. रविवारी मुंबईचे तरुण माहुलीगड चढायला येतात आणि पायथ्याच्या गावातला माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गाडीवरून जातो, असे विपरीत चित्र आज दिसते. ‘उच्च रक्तदाब हा शहरी लोकांचा रोग’ हा समजही आता टिकणारा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातही साधारण दर तीन प्रौढांमागे एकाला तो आढळला.

पूर्वीच्या कष्टांची पुण्याई उतारवयात कामी येते का, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत शोधले गेले. राल्फ पॅफेनबर्गर या संशोधकाने हार्वर्ड विद्यापीठाच्या सुमारे 15 हजार माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास करून 1983 साली निष्कर्ष मांडले. विद्यार्थिदशेत कोण विद्यापीठाच्या संघातून खेळले होते, याचा पुढे रक्तदाब जडण्याशी काही संबंध दिसला नाही. पुढील आयुष्यात जोरकस खेळ वा व्यायाम न करणाऱ्यांना मात्र तो करणाऱ्यांपेक्षा 35 टक्के अधिक धोका होता. विशीतली पदके चाळिशीतल्या धमन्यांच्या उपयोगी पडली नाहीत. हार्वर्डचा पदवीधर आणि मुरबाडचा जुना कबड्डीपटू यांच्यात अंतर पुष्कळ असेल, पण धमन्यांना ते अंतर कळत नाही.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. भरभर चालताना हृदयाचे ठोके वाढतात आणि वरचा दाब तेवढ्यापुरता चढतो. त्याच वेळी वेगाने वाहणारे रक्त धमन्यांच्या आतल्या अस्तराला घासते आणि ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू निर्माण करते. त्याने धमन्या सैलावतात. व्यायाम थांबल्यावर दाब पूर्वीपेक्षा थोडा खाली जातो आणि कित्येक तास, काहींच्या बाबतीत जवळजवळ दिवसभर, तसाच राहतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालले की हीच सवलत पुन्हा मिळते. काही आठवडे हा क्रम चालला, की शरीराला सतत ताणून धरणाऱ्या मज्जासंस्थेचा जोरही ओसरतो आणि दाबाची पातळीच उतरते. ज्यांचा दाब मुळात चढलेला असतो त्यांचा वरचा आकडा सरासरी पाच ते आठ अंकांनी उतरतो. पाच अंक म्हणजे किरकोळ गोष्ट, असे वाटेल. पण औषधांच्या मोठ्या चाचण्यांत वरचा दाब पाच अंकांनी उतरल्यावर हृदयविकार आणि पक्षाघातासारखे गंभीर प्रसंग सुमारे एक दशांशाने घटले आहेत.

व्यायाम थांबला की हे सारे उलटे फिरते. अस्तराची तत्परता मंदावते, मज्जासंस्था पुन्हा ताणते आणि कमावलेले अंक काही आठवड्यांत हातचे जातात. वजन नंतर वाढते, दाब त्याआधीच परतलेला असतो. म्हणून पोट सुटले नाही एवढ्यावर निश्चिंत राहणे फसवे ठरते. व्यायामाचा हा लाभ रोजंदारीसारखा आहे. ज्या दिवशी काम, त्या दिवशी मजुरी. निवृत्तिवेतनाची तरतूद त्यात नाही.

आता या भागाचे वर्षाचे चक्र पाहावे. थंडी पडली की व्यायामाचा उत्साह येतो. पहाटे रस्त्यांवर चालणारे दिसतात, रथसप्तमीपर्यंत सूर्यनमस्कारांचे संकल्प होतात. वैशाखात उत्साह पातळ होतो. मग 21 जूनला योगदिनी शाळांची अंगणे फुलतात, नेमका त्याच सुमारास पाऊस धरतो आणि चार महिने कोसळत राहतो. शेतात राबणाऱ्याचा व्यायाम आवणीत होतो. नोकरदाराचा, दुकानदाराचा, शिक्षकाचा आणि घर सांभाळणाऱ्या गृहिणीचा मात्र थांबतो. (वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबाला व्यायामाचा उपदेश करणे हा क्रूर विनोद होईल, त्यांना विश्रांती आणि दाबाची वेळेवर तपासणी हवी.)

खरा धोका याच चक्रात दडलेला आहे. कार्तिकात चालायला लागलेल्या माणसाचा आकडा पौषात उतरतो. ‘बरे झाले’ असे समजून तो गोळी बंद करतो, डॉक्टरांना न विचारता. आषाढात चालणेही सुटते. भाद्रपदात गोळी नाही आणि व्यायामही नाही, अशा अवस्थेत दाब मुकाट्याने चढतो. डोके दुखेलच असे नाही, चक्कर येईलच असे नाही. काहींच्या बाबतीत पहिली सूचनाच पक्षाघाताच्या रूपाने येते, आणि भर पावसात पाड्यावरून शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय वा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठायचे असते. आकडा उतरला म्हणजे उपचार लागू पडले, रोग गेला असे नव्हे. गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे, आणि चालणे सुटले असेल तर तेही त्यांना सांगावे.

गावोगावी खुल्या व्यायामशाळा उभारण्याची हौस अलीकडे वाढली आहे. हेतू चांगला, पण आषाढात त्या लोखंडी यंत्रांभोवती गवत माजते. त्याऐवजी छपराचा विचार अधिक उपयोगी ठरेल. देवळाचा सभामंडप, समाजमंदिर, शाळेची लांब ओसरी या जागा पावसाळ्यात पहाटे रिकाम्याच असतात. तेथे अर्धा तास फेऱ्या मारायला कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही. किल्ली कोणाकडे आहे, एवढेच पाहायचे. ज्याला घराबाहेर पडणेच शक्य नाही, त्याने भिंतीचा आधार घ्यावा. 2023 साली 270 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून, अदृश्य खुर्चीत बसल्यासारखे स्थिर राहण्याच्या व्यायामाने त्यात चालण्या-धावण्याइतकाच, किंबहुना अधिक, दाब उतरलेला दिसला. दोन-दोन मिनिटांच्या चार खेपा, मध्ये विसावा, आठवड्यातून तीनदा. श्वास मात्र रोखून धरू नये, त्याने दाब उलट चढतो. आणि दाब फार वाढलेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

उपकेंद्रात दाब मोफत मोजला जातो. बहुतेक जण तो मोजतात दिवाळीनंतर, चालणे सुरू करताना. तो गणपतीच्या दिवसांतही मोजावा.