रंगाची साक्ष कितपत मानावी?

विकर म्हटले की प्रथिन, हे समीकरण विज्ञानजगतात दीर्घकाळ रूढ होते. २००७ मध्ये बीजिंगच्या जीवभौतिकी संस्थेतील यान शियुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला धक्का दिला. मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण पेरॉक्सिडेज या विकराचे काम करतात, असे त्यांनी दाखवून दिले. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सान्निध्यात हे कण रंगहीन द्रव्याला निळे करतात. नैसर्गिक विकर शुद्ध करणे खर्चाचे, शिवाय उष्णतेने ते निकामी होते; हे कण मात्र स्वस्त आणि टिकाऊ. साहजिकच रक्तशर्करेपासून पाण्यातील पाऱ्यापर्यंत अनेक पदार्थांच्या रंगचाचण्या प्रयोगशाळांत सिद्ध झाल्या. उपकरणावाचून, नुसत्या डोळ्यांनी निदान करण्याची ही शक्यता गरीब देशांना मोलाची वाटावी, यात नवल नाही.

परंतु नैसर्गिक विकराचा खरा गुण वेगापेक्षा विवेकाचा आहे. ते आपला पदार्थ नेमका ओळखते. धातूचे कण ओळखत नाहीत. शर्करेच्या चाचणीतही शर्करा ओळखण्याचे काम ग्लुकोज ऑक्सिडेज हे नैसर्गिक विकरच करते. कण केवळ रंग आणतात. नमुन्यात क जीवनसत्त्वासारखा पदार्थ असला तर तो रंगही फिका पडतो.

रंग चुकला तर काय होते, हे बांगलादेशाने अनुभवले आहे. तेथे २००० ते २००३ या काळात सुमारे पन्नास लाख कूपनलिकांची आर्सेनिकसाठी तपासणी झाली आणि निकालानुसार त्या लाल वा हिरव्या रंगविण्यात आल्या. ते संच जुन्या पद्धतीचे होते. तथापि त्यांचे काही निकाल पुढे प्रयोगशाळेशी जुळले नाहीत. चुकून लाल झालेला नळ कुटुंबाला दूरच्या पाण्यासाठी वणवण करावयास लावतो; चुकून हिरवा राहिलेला नळ विष पाजीत राहतो.

भारतातही २०१९ पासून जलजीवन मिशनखाली गावोगावच्या महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्यात आले आहे. त्यांच्या हाती उद्या नवे संच द्यावयाचे, तर ते शुद्ध पाण्यात नव्हे, गढूळ, क्षारयुक्त पाण्यात पारखले गेले पाहिजेत; प्रत्येक उत्पादित गटाचा गुण सारखा असला पाहिजे आणि काही नमुने नियमाने प्रयोगशाळेत फेरतपासले पाहिजेत. हा खर्च टाळून मिळविलेली स्वस्ताई अखेर गरिबालाच महाग पडेल.