जयापजयांची मालिका

खेळांत तीनचार जय ओळीनें मिळाले कीं, खेळाडूच्या हाताला यश आहे असें आपण म्हणूं लागतों. आणि तितकेच पराजय झाले कीं त्याचे ग्रह फिरले असें समजतों. वस्तुतः नाणें फेंकलें तरी केव्हां केव्हां ओळीनें चार वेळां छापच पडते. शिवाय मागील डावाचा निकाल पुढील डावाच्या पटावर कोठें असतो? मोहरीं पुन्हां आपापल्या घरांत जातात व दोन्ही पक्षांचें बळ सारखें होतें. मागचा निकाल उरतो तो खेळणाराच्या मनांत, आणि पुढच्या डावाला तो बाधतो तोहि तेथूनच.

बुद्धिबळाच्या इतिहासांत याचें एक बोलकें उदाहरण आहे. सप्टेंबर १९८४ मध्यें मॉस्को येथें जगज्जेता अनातोली कार्पोव्ह व २१ वर्षांचा गॅरी कास्पारोव्ह यांचा सामना सुरू झाला. प्रथम सहा डाव जिंकील तो विजयी, बरोबरीचे डाव जमेस धरावयाचे नाहींत, असा नियम होता. पहिल्या नऊ डावांत कार्पोव्हनें चार जिंकले. कास्पारोव्हला एकहि मिळाला नाहीं. अशा वेळीं गेलेलें सारें एका घावांत परत मिळविण्याचा मोह होतो, व त्या उतावळेपणांतच पुढचा पराजय असतो. कास्पारोव्हनें तो मोह आवरला व आधीं हरणें थांबविण्याचें धोरण धरलें. पुढचे १७ डाव बरोबरींत सुटले. सत्ताविसावा डाव कार्पोव्हनें घेतला आणि ५–० अशी स्थिति झाली.

आतां कार्पोव्हला एकच जय हवा होता. पण तो मिळालाच नाहीं. बत्तिसावा डाव कास्पारोव्हनें जिंकला. नंतर १४ डाव बरोबरींत गेले, आणि सत्तेचाळिसावा व अठ्ठेचाळिसावा त्यानें लागोपाठ घेतले. खेळाडू थकले या कारणावरून ता. १५ फेब्रुवारी १९८५ रोजीं सामना निकालावांचून थांबविण्यांत आला. त्याच वर्षीं नव्या सामन्यांत कास्पारोव्ह १३–११ असा जिंकून जगज्जेता झाला.

हें उदाहरण वडीलमाणसांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. दोनतीन स्पर्धांत मागें पडलेल्या मुलाला आपण सहज म्हणतों, "आतां तरी जिंकून ये." या एका वाक्यानें मागील सर्व पराजयांचें ओझें पुढच्या एका दिवसावर पडतें. त्यापेक्षां, "या खेपेस घाई करूं नकोस, एवढें साधलें तरी पुरे," असें सांगावें. तें त्याच्या हातचें असतें. ओळीनें जिंकणाऱ्या मुलालाहि त्याची गरज असतेच. त्याच्या जयांचा पाढा आल्यागेल्यापुढें वाचला, तर तो जिंकण्यासाठीं खेळण्याऐवजीं कीर्ति राखण्यासाठीं खेळूं लागतो. दोघांनाहि घरांतून मिळावयास हवी ती एकच गोष्ट: नवा डाव नवा म्हणून खेळण्याची मोकळीक.